सहावी ओळ

६ जानेवारी

ही डायरी तपासणीची किट विकणाऱ्या कंपनीने फुकट दिली. लॅबमध्ये प्रत्येकाला एकेक मिळाली. बाकीच्यांनी पोरांना चित्रं काढायला नेल्या, मी लिहायला ठेवली. आकाशचे बाबा गेल्यापासून मनातलं बोलायला कुणी नाही. मुलगा आहे, पण तो ऐकताना मोबाइल बघतो. सून आहे, पण सुनेपुढे सगळंच कसं उघडं करणार.

आज नवीन मशीन आलं. कापूस लावलेल्या एका काडीवरच्या नमुन्यात सात आजार एकदम शोधतं. सातही तसलेच, लोक ज्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात ते. मालकांनी बाहेर बोर्डही लावला, ‘एका तपासणीत सात’. रिपोर्ट मराठीत द्यायचा ठरलंय आणि तो फॉर्म मी तयार केलाय. सतरा वर्षं सानपाड्याच्या या लॅबच्या पुढच्या टेबलावर बसते मी, लोकांना काय कळतं आणि काय कळत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. वर ठळक मथळा: ‘लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांची एकत्रित तपासणी’. खाली सात ओळी, प्रत्येकीपुढे एक ठिपका. नाही तर हिरवा, आहे तर लाल. शाळेत न गेलेल्या बाईलाही कळावं.

नफिसा मॅडम, म्हणजे आमच्या रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर, म्हणाल्या, “मंजुषाताई, सहावी आणि सातवी ओळ वेगळ्या चौकटीत टाका. खाली एक वाक्य लिहून देते, ते छापा.” मी म्हटलं, मॅडम, वाक्य पानात मावत नाही. खरंच मावत नव्हतं. शिवाय मालकांना सातही एका रांगेत हवे होते. मॅडमना घाई होती, त्या “बघू नंतर” म्हणाल्या आणि गेल्या.

फॉर्म देखणा झालाय. उगाच खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

९ जानेवारी

नवीन मशीन आलं की आधी धडधाकट माणसांचे नमुने लावून बघतात. ते सगळे हिरवे आले की मशीन खरं बोलतंय असं धरायचं. वीस माणसं हवी होती. धडधाकट माणसं कुठून आणणार? स्टाफच्या घरातून. सगळ्या लॅबमध्ये असंच करतात. मशीन चालवणारा कृष्णात कोल्हापूरचा, त्याने स्वतःचा आणि बायकोचा दिला. मी आकाशचा आणि सुनेचा दिला.

आकाशने तोंड वाकडं करून बाटली भरून दिली. संघमित्राला काडी कशी वापरायची ते मी समजावलं तर ती लाजून लाल झाली. “आई, नाव नाही ना येणार कुठे?” मी म्हटलं, नाही गं, नुसता नंबर. आकाश अकरा, ती बारा. नंबरांची यादी माझ्याच खणात असते.

कृष्णात म्हणाला, “मावशी, तुमचापण द्या की.” मी हसण्यावारी नेलं. माझं काय तपासायचंय आता? अकरा वर्षं झाली हे जाऊन.

११ जानेवारी

वीस नमुन्यांत एकोणीस हिरवेगार. बारा नंबर, सहावी ओळ, लाल.

मी यादी तीनदा बघितली. नफिसा मॅडम कागद चाळून म्हणाल्या, “बारा नंबर? सहावी ओळ ना? ते सोडा, ते धरायचं नसतं. मशीन उत्तम चाललंय.” माझ्याकडे बघून हसल्याही.

मॅडमना बहुतेक माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. रायगडच्या जुन्या घरंदाज माणसांतल्या आहेत, चार लोकांत कुणाची अब्रू काढणार नाहीत. ‘सोडा’ म्हणाल्या. किती सांभाळून घेतलं बाईंनी. मला भरून आलं.

पण मी कशी सोडू?

१२ जानेवारी

झोप नाही. संघमित्रा दोन वर्षांपूर्वी या घरात आली. माणगावची. वडील भगवानराव एसटीत ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. मुलगी बीकॉम झालेली, ऐरोलीला बॅक ऑफिसमध्ये नोकरी, बोलायला गोड, बोंबील मात्र भयंकर खारट करते. तिला मी मुलीसारखी वागवली असं म्हणणार नाही, सगळ्याच सासवा तसं म्हणतात. पण मी तिच्या डब्याला कधी नावं ठेवली नाहीत आणि तिच्या पगाराची चौकशी केली नाही.

आकाश हिरवा, ती लाल. याचा अर्थ एकच निघतो. ऑफिसची गाडी तिला शिरवण्याच्या नाक्यावर सोडते, गाडीत आणखी चार जण असतात. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवते.

१५ जानेवारी

मी इतर सासवांसारखी नाही. गवगवा केला नाही. केमिस्टकडून सात दिवसांच्या गोळ्या आणल्या, या आजारावर कुठल्या देतात ते इतक्या वर्षांत पाठ झालंय. स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठून दिल्या.

“कसल्या आहेत आई?”

“तुझ्या रिपोर्टात थोडं इन्फेक्शन आलंय. आकाशला सांगायची गरज नाही. गप घे, बरं होईल.”

तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने तिथेच मोबाइल काढला. “आई, यात लिहिलंय की हे खूप बायकांना असतंच. काही त्रास नसेल तर औषधपण नको म्हणतात.”

मला तिची कीव आली. माणूस अडचणीत आला की मिळेल ते धरतो. मोबाइलवर काय, वाट्टेल ते लिहिलेलं असतं. मी म्हटलं, घे बाळ, मी तुझ्या बाजूची आहे.

तिने घेतल्या. तिचा साबण आणि बादली मी वेगळी केली, नुसती काळजी म्हणून.

२० जानेवारी

गोळ्यांनी तिला उलट्या होतायत. दोन दिवस सुट्टी टाकली.

लॅबमध्ये गर्दी. वाशीच्या एका गृहस्थाचे सातही हिरवे आले तर तो पेढे घेऊन आला. बायकोला दाखवायला रिपोर्ट लॅमिनेट करून मिळेल का, विचारत होता. हसून हसून पुरेवाट झाली. बऱ्याच दिवसांनी हसले.

१ फेब्रुवारी

मशीनमध्ये एकावेळी चोवीस नमुने लागतात. एखादी जागा रिकामी राहिली की कृष्णातला सांगून मी संघमित्राकडून परत घेतलेली काडी सारते. तो विचारत नाही, मीही सांगत नाही. नोंद ‘बारा अ’.

पुन्हा लाल.

गोळ्या घेतल्याच नसतील? मी रोज समोर उभं राहून घ्यायला लावल्या होत्या. मग गोळ्या घेऊनही परत लागण झाली. कुठून झाली? आकाश तर हिरवा. म्हणजे चालूच आहे.



४ फेब्रुवारी

दुसऱ्या, जास्त जालीम गोळ्या आणल्या. ती काही न बोलता घेते. तोंडाला चव नाही म्हणते. जेवत नाही.

तुर्भ्याहून एक बाई रिपोर्ट न्यायला आली होती. सहावी ओळ लाल. माझ्याच फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, “बाई, ह्ये लाल कशाचं?” मी मथळा वाचून दाखवला आणि म्हटलं, नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. तिने कागदाची बारीक घडी केली, ब्लाउजमध्ये खोचली आणि तशीच बाकावर बसून राहिली. पुढच्या पेशंटला जागा हवी होती म्हणून मला तिला उठवावं लागलं.

२४ फेब्रुवारी

‘बारा ब’. लाल.

२५ फेब्रुवारी

आज तिला सरळ विचारलं. आकाश कामावर गेल्यावर, दार लावून.

“मित्रा, मी बाई आहे, मला कळतं. चूक होते माणसाची. कोण आहे ते सांग, मी आकाशला समजावीन.”

ती भांडी घासत होती. हात थांबले. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मलाच नजर खाली घ्यावी लागली. मग पुन्हा घासायला लागली.

निर्दोष माणूस ओरडतो, रडतो, शपथा घेतो. ही गप्प राहिली. मला जे कळायचं ते कळलं.

२ मार्च

आकाशला सांगितलं. मुलापासून किती लपवणार? उद्या त्याला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आई म्हणून माझं कर्तव्य होतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय.

तो महापेला पंपाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माल पास करतो नाहीतर फेल करतो. त्याने मधेच न बोलता सगळं ऐकलं. मग म्हणाला, “किती वेळा टेस्ट केलीस?”

“तीनदा.”

“तीनदा फेल झालेला माल आमच्याकडे परत जातो, आई.”

तो माल म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे थोबाडीत मारायला हवी होती. मारली नाही.

३ मार्च

त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कागद बघायचा होता. मी लॅबमध्ये तिच्या नावाने काढला, सहीसुद्धा कॉम्प्युटरच टाकतो. घरी आणला. त्याने संघमित्राला समोर बसवून तो टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, “कोण?”

संघमित्रा म्हणाली, “कोणी नाही.”

“मग हे काय आहे?”

“आईंना विचार. मला माहीत नाही.”

“गाडीतला कोणी?”

त्यावर ती उठून आत गेली. आकाश बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, शेजारची खोकली तर इकडे कळतं, पण आतून काही आवाज आला नाही. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

ती स्वतःहून म्हणाली, “आई, अजून एकदा करा. या वेळी मी लॅबमध्ये येऊन देते, तुमच्यासमोर. सात दिवस मी ऑफिसलापण गेले नाही. घराबाहेर पाय टाकला नाही. आता तरी हिरवा येईल ना?”

डोळ्यांत आशा होती तिच्या. तीच बघवत नव्हती. मी केली.

१० मार्च

‘बारा क’. लाल.

संध्याकाळी सांगितलं. ती हसली. खरंच हसली, मग ओट्याला धरून खाली बसली. म्हणाली, “मग मी काय करू आई? तुम्हीच सांगा, मी अजून काय करू?”

सात दिवस ही माझ्या नजरेसमोर होती. मला तो हिशोब लागत नाही. जुनंच असेल, मुरलेलं असेल.

१६ मार्च

भगवानराव आले. एकटेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सोबत सुके बांगडे आणि कोकमं. मी चहा केला. आकाशने कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला आणि मथळा मोठ्याने वाचला. एकेक शब्द सुटा करून, रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात तसा. ‘लैंगिक’ला अडखळले. आपल्या मुलीच्या नावाशी आले तेव्हा आवाज बंद झाला.

चष्मा काढून म्हणाले, “ताई, आमची पोरगी तशी नाय.”

मी म्हटलं, “मी कुठे काय म्हणते? कागद सांगतोय.”

“कागद कुनी लिवला?”

“मशीनने.”

त्यांनी मान हलवली. मशीनपुढे बिचारे काय बोलणार. संघमित्रा बॅग भरून उभीच होती. ओट्यावर तिने माझ्या गुडघ्याचं तेल गरम करून ठेवलं होतं, ते मला ते गेल्यावर दिसलं. जाताना पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. का घेतले माहीत नाही. घेतले.

१४ एप्रिल

जयंती. विहारात सगळे विचारत होते, सूनबाई कुठे? मी म्हटलं, माहेरी गेलीय, आईला बरं नाही. आकाश मिरवणुकीत आलाच नाही. घरी येऊन एकटीने मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. तिसऱ्या शीलाशी, व्यभिचारापासून दूर राहण्याच्या, अडखळले, मुलाच्या संसाराचा विचार आला म्हणून.

२१ एप्रिल

आकाश वकिलाला भेटून आला. वकील म्हणाला, असा रिपोर्ट हातात असेल तर समोरची पार्टी भांडणार नाही. घटस्फोट आपसात होऊन जाईल.

तीही नाही म्हणाली नाही. भगवानरावांचा निरोप आला, जिथे सांगाल तिथे सही करतो.

२९ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

किट किती वापरली याची तपासणी चालू होती. नफिसा मॅडमनी मला आत बोलावलं. स्क्रीनवर चार नोंदी होत्या. बारा, बारा अ, बारा ब, बारा क.

“हे बारा नंबर कोण आहे, मंजुषाताई? चार-चार वेळा का लावलं?”

मी सगळं सांगितलं. गोळ्या, आकाश, भगवानराव, वकील. सांगत गेले तशा मॅडम खुर्चीत मागे सरकत गेल्या.

“मी त्याच दिवशी सांगितलं होतं ना, सोडा म्हणून? धरायचं नसतं म्हणून?”

“मला वाटलं, तुम्ही माझी लाज राखताय.”

“लाज?” त्या म्हणाल्या. “अहो, मी जंतूबद्दल बोलत होते.”

मग त्यांनी समजावलं. सहावी ओळ म्हणजे आजार नव्हे. तो जंतू कितीतरी बायकांच्या अंगात असाच राहतो, काही करत नाही. गोळ्यांनी दबतो, गोळ्या थांबल्या की परत येतो, कारण राहायची जागाच ती आहे त्याची. कुठून आला, कधी आला, सांगता येत नाही. पुरुषाच्या लघवीत सापडेलच असंही नाही. त्यावरून बाईच्या वागण्याबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. यंत्राला शोधता येतो म्हणून शोधतं, कंपनी रांगेत बसवते, कारण पाचापेक्षा सात जास्त खपतात.

“म्हणून मी वेगळी चौकट मागितली होती,” मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या. “आणि तुम्ही केली नाहीत तरी मी सही करत राहिले.”

मला त्यांचा शब्द पटला, तरी मन पुन्हा पुन्हा मागे ओढत होतं. पटला तर मी काय केलं ते बघावं लागणार होतं. मी म्हटलं, पण मॅडम, मशीनने चार वेळा…

त्या उठल्या. ड्रॉवरमधून काडी काढून माझ्या हातात दिली. “बाथरूम तिकडे आहे.”

३० एप्रिल

लाल. सहावी ओळ. माझं नाव, वय बावन्न.

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं नाही. आरशात बघून मनात आलं, मंजुषा, आता सांग, कोण?

संघमित्राने काही केलं नव्हतं. ती गप्प राहिली कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी तिला दोन-दोनदा विष घातल्यासारख्या गोळ्या घातल्या, उलट्या करताना तिची पाठही चोळली नाही. मी केलं हे. मशीनने केलं नाही.

२ मे

मॅडमनी लेटरहेडवर स्वच्छ लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट. मला वाटलं, सुटले. आता ती येईल. स्टेशनवर आणायला मी स्वतः जाईन, सगळ्यांसमोर माफी मागेन.

जेवण झाल्यावर आकाशला दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं.

“तुझ्याच लॅबच्या मॅडम. तू सांगितलंस तर लिहून देणारच.”

“अरे, डॉक्टर आहेत त्या.”

“मग आधी रिपोर्टवर सही कोणाची होती? त्यांचीच ना? तेव्हा खरं का आता खरं?” त्याने कागद परत दिला. “आई, तुला गिल्टी वाटतंय ते कळतं मला. पण टेन्शन नको घेऊ. झालं ते झालं.”

तेव्हा मी पर्समधून माझा रिपोर्ट काढला. म्हटलं, हे बघ. तीच ओळ, तोच ठिपका. माझं नाव वाच. आता तरी पटेल की यात काही नसतं.

त्याने वाचला. मथळा वाचला, नाव वाचलं, तारीख वाचली. मग खाली बसला. मला वाटलं, पटलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले.

“बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली,” तो म्हणाला.

“हो रे.”

त्याने कागदावरून मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही.

“लॅबमधलाच आहे का कोणी?”

३ मे

 

आकाश सकाळी डबा न घेता गेला.

६ मे

फॉर्म बदलला. सहावी-सातवी ओळ वेगळ्या चौकटीत, खाली मॅडमचं वाक्य: ‘हे जंतू निरोगी व्यक्तींतही आढळतात; यावरून लैंगिक आजार किंवा वर्तनाबद्दल निष्कर्ष काढू नये.’ अक्षर एक घर लहान केलं की मावतं. पाच मिनिटांचं काम.

मालक म्हणाले, आता बोर्ड बदलायचा का? मी म्हटलं, बदला. ते म्हणाले, बघू.

जानेवारीपासून सहाव्या ओळीत लाल ठिपका घेऊन गेलेले रिपोर्ट काढले. एकशे चौतीस. बहुतेक बायका. मॅडमना विचारून फोन करायला बसले. पहिल्या तीन नंबरांवर पुरुषांनी उचलले, लॅब म्हटल्यावर बंद केले. तुर्भ्याच्या बाईचा नंबर लागला. नवऱ्याने घेतला. म्हणाला, “ती इथं नाय राहत.” कुठे राहते विचारलं तर म्हणाला, “मला काय म्हायती.”

दिवसभरात अकरा फोन केले. एका बाईने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, “हे आता सांगताय होय?”

९ मे

आज हिंमत करून संघमित्राला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

मी सगळं सांगितलं. ती सहावी ओळ काहीच नसते हे सांगितलं, मॅडमचं पत्र सांगितलं. माफी मागितली. तीनदा मागितली. ती नुसतं “हं” म्हणत होती. मला वाटत होतं, तिने शिव्या द्याव्यात.

“हे मी तुम्हाला जानेवारीतच सांगितलं होतं, आई. मोबाइलवर दाखवलं होतं.”

“हो.”

“आकाश काय म्हणाला?”

मला खोटं बोलता आलं असतं. विचार करतोय म्हणाले असते तर चाललं असतं. पण मी सांगितलं की त्याला पटलं नाही. मग माझा रिपोर्टही सांगितला. तो मी त्याला दाखवला, आणि त्याने मला काय विचारलं, तेही.

पलीकडे तिने कुकर बंद केल्याचा आवाज आला.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“हं.”

वकिलाची तारीख तेवीस आहे. तिला माहीत होती. ती म्हणाली, वडिलांसोबत येईल, सही करून लगेच परत जाईल. घरी येणार नाही. मी ये म्हणू शकले नाही. कुठल्या घरी ये म्हणणार होते? आकाश आठवडाभर माझ्याशी बोललेला नाही. मी वाढलेलं तो जेवत नाही, बाहेरून खाऊन येतो.

ठेवते म्हणाली. मग परत म्हणाली, “आई, त्याने आणून दिल्या तरी गोळ्या नका घेऊ. फार उलट्या होतात.”